डावा खांदा, अर्धा इंच खाली

पंधरा मिनिटं मी माझ्याच नवऱ्याशेजारी उभी होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

विमानतळाच्या बाहेर पडायच्या दारापाशी एक जाडजूड खांब होता. खांबाच्या अलीकडे मी, दोन बॅगा आणि सुतळीने बांधलेलं एक पार्सल. पलीकडे एक माणूस, हातात कागदी कप घेऊन, बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे मान उंच करून बघत होता. माझ्याकडेही त्याने एकदा बघितलं. मी लगेच तोंड फिरवलं. परक्या शहरात पाऊल टाकल्या टाकल्या कुणाशी नजरानजर नको, असं आईने बजावलं होतं. आईचं मी फारसं ऐकत नाही, पण तेवढं ऐकलं.

नवऱ्याला मात्र मनातल्या मनात चार शब्द सुनावत होते. लग्नाला पाच महिने झाले होते, त्यातले अकरा दिवस आम्ही एकत्र राहिलो. मग कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी इकडे पाठवलं, इथल्या लिफ्ट दुरुस्त करायला. अकरा दिवसांत माणूस कितीसा कळणार? त्यातले चार तर पाहुण्यांनीच खाल्ले. आणि आता बायको हजारो मैलांवरून येतेय, तर साहेबांचा पत्ता नाही.

तेवढ्यात पलीकडच्या माणसाने कप खाली ठेवला आणि खांदा चोळला.

मी शिवणकाम करते. लोक माणसाचा चेहरा बघतात, माझी नजर आधी खांद्यावर जाते. ह्या माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली होता. दहा वर्षं त्याच खांद्यावर हत्यारांची पिशवी वागवली की असं होतं. लग्नाच्या दिवशी शेजारी बसून मी तासभर तोच खांदा बघत होते, कारण तोंडाकडे बघायची लाज वाटत होती.

"अहो?" मी म्हटलं.

तो दचकला. माझी लोकरीची टोपी, मफलर, आत्याकडून उसना आणलेला घोळदार कोट... सगळ्यावरून त्याची नजर फिरली.

"तू... तू कधी आलीस?"

"पाव तास झाला. तुमच्या मिशा कुठे गेल्या?"

त्याचा हात ओठावर गेला. "कालच. न्हाव्याने काहीतरी विचारलं. भाषा कळेना, म्हणून मी आपली सभ्यपणे मान डोलावली. एक बाजू गेल्यावर कळलं. मग दुसरी ठेवून काय करणार होतो?"

मी इतकी हसले की मागून येणारी माणसं वळसा घालून जायला लागली.

"मग ओळखलंस कसं?" त्याने विचारलं.

"तोंडावरून नाही. खांद्यावरून. हा खांदा मी हजारात ओळखेन."

तो लाजला. मिशा नसल्यामुळे ते लपलं नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

"लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही?" दुसऱ्या मजल्यावर दम खाता खाता मी विचारलं.

"घरी आल्यावर तरी नको वाटते ती," दोन्ही बॅगा उचलून माझ्या पुढे चढत तो म्हणाला.

खोली लहान पण लख्ख होती. एक पलंग, एक टेबल, खिडकीखाली ट्रामच्या तारा. टेबलावर दोन कप, त्यातल्या एकाचं लेबल अजून निघालं नव्हतं. त्याने कपाट उघडून दाखवलं. "हा कप्पा तुझा."

एक कप्पा. बाकीच्या चारांत त्याचे कपडे, पाने-पक्कड, वायरी, जुने कागद. मी माझे कपडे त्या एका कप्प्यात रचले. पण मनात कुठेतरी खट्ट झालं.

आता खरी गोष्ट सांगून टाकते. माझं गावात दुकान आहे. दोन मशीन, एक कापायचं टेबल, काज-बटणं करणाऱ्या एक मावशी, आणि तीन शाळांच्या गणवेशांचं काम. माझं परतीचं तिकीट दहाव्या दिवसाचं होतं. पण लग्न झाल्यापासून जो तो एकच विचारत होता, कायमची कधी जाणार? सासूबाईंनी विचारलं, आईने विचारलं, ट्रायलला आलेल्या गिऱ्हाईक बायकांनी हात वर करून उभ्या उभ्या विचारलं. फक्त एका माणसाने विचारलं नव्हतं. पाच महिने रोज फोन करायचा. जेवलीस का, झोपलीस का, गणवेश किती झाले, सगळं. ह्या एका गोष्टीवर मात्र त्याने मिठाची गुळणी धरली होती.

उत्तर काय द्यायचं ते मला माहीत नव्हतं. पण प्रश्न मला हवा होता, आणि तो त्याच्याच तोंडून हवा होता. नको असेन तर तसंही कळू दे. दहा दिवसांत ते कळल्याशिवाय मी परत जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्सल सोडलं. आत कोट होता. गडद राखाडी लोकरीचा, आतून निळं अस्तर. नुसत्या आठवणीतल्या मापावर शिवलेला.

"माप कधी घेतलंस?"

"तुम्ही झोपला होतात तेव्हा. डोळ्यांनी."

त्याने कोट चढवला. मी समोर उभी राहून कॉलर बसवली, बटणं लावली, पुढचा भाग ओढून बघितला.

"श्वास सोडा."

"सोडलाय."

"मग छाती एवढी का फुगलीय?"

"तू इतक्या जवळ उभी आहेस म्हणून."

मी उगाच त्याच्या बाहीवरचा नसलेला दोरा काढला. गाल तापले होते, पण हात थांबले नाहीत, धंद्याची सवय. कोट अगदी अंगासरसा बसला होता. डाव्या खांद्यात मी जाडसर पॅड घातला होता, म्हणजे दोन्ही खांदे सरळ रेषेत. असलेली खोट दिसू द्यायची नाही, हेच तर आमच्या कामातलं कसब. आरशात बघून तो म्हणाला, "हा कोण साहेब?"

"आहे एक. दहा दिवसांसाठी मिळालाय."

म्हणून बघितलं. तो नुसता हसला आणि टोपी शोधायला लागला.

त्याने दहा दिवस रजा घेतली होती, मला शहर दाखवायला. पण शहर त्याला तरी कुठे माहीत होतं? चार महिने तो तळघरातून थेट गच्चीखालच्या मशीनच्या खोलीत आणि तिथून परत तळघरात. त्यामुळे त्याने मला शहर दाखवलं ते लिफ्टमधून. ह्या कोर्टातली लिफ्ट चौथ्या मजल्यावर कुरकुरते, ह्या इस्पितळातली सगळ्यात शहाणी, त्या कापडाच्या दुकानातली जाळीच्या दाराची, म्हातारी पण खमकी. प्रत्येक ठिकाणचा पहारेकरी त्याला ओळखून हात करायचा. तो लिफ्टच्या भिंतीवर तळहात ठेवून डोळे मिटायचा, आणि माणसाची नाडी बघावी तसं सांगायचा, "बेअरिंग बदलायला झालंय."

"माझ्याकडे असं कधी लक्ष देऊन बघितलंत का?" मी एकदा विचारलं.

"तू कुरकुरत नाहीस ना."

"वेळ आली की दाखवते."

कापडाच्या दुकानातल्या लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, मध्येच बंद पडली तर?

"तर जागेवर थांबायचं. अडकलेला माणूस घाई करतो, दार ओढून बाहेर यायला बघतो, आणि तिथेच घात होतो. स्वस्थ उभं राहायचं. आम्ही येतोच."

"किती वेळात?"

"तू असशील तर... लगेच."

तिसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठच्या उंच मनोऱ्यावर गेलो. वरच्या मजल्यावर बाहेर सज्जा होता, चहूबाजूंनी मोकळा. दार उघडताच वाऱ्याने माझी टोपी उडवली, ती त्याने हवेतच पकडली. खाली छपरं, पूल, नदीवरचं धुकं. मी विचारलं, ती हिरवी इमारत कसली? त्याला माहीत नव्हतं. तो घुमट? तेही नाही.

"इथे तर तुम्ही दर महिन्याला येता ना?"

"मशीनच्या खोलीपर्यंत. ह्या दाराबाहेर आज पहिल्यांदा आलो." तो कठड्याकडे बघत होता. "म्हटलं, तू आलीस की बघू."

मला एकदम भरून आलं. आता विचारेल, असं वाटलं. मी कठड्याला टेकून अगदी सोयीची उभी राहिले. त्याने माझी टोपी माझ्या डोक्यावर नीट बसवली, कान झाकले आणि म्हणाला, "थंडी फार आहे. चल खाली."

चौथ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्या स्वभावाने मोकळ्या, बोलायला मोठ्याने. "सुनबाई, घर तुझ्या मनासारखं लावून घे गं. आता तिथेच तर राहायचंय." मी काही म्हणायच्या आत त्याने फोन माझ्या हातून घेतला. "आई, तिला शहर बघू दे. ती दहा दिवसांसाठीच आलीय." आणि त्याने विषय बदलून गुडघेदुखीवर नेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी घाई? आईनेसुद्धा मला 'राहा' म्हणू नये? त्या दिवशी मी भात मुद्दाम करपवला असं तो म्हणतो. मुद्दाम नव्हता करपवला. लक्ष नव्हतं माझं.

पाचव्या दिवशी, रविवारी, मोठ्या चौकात कापडचोपडाचा बाजार भरतो असं कळलं. मला तर ओढच ती. पिशवी त्याच्या खांद्यावर, त्यातच माझा फोन आणि पत्त्याचा कागद. तसाही माझा फोन खोलीबाहेर चालत नव्हता. भुरभुर पाऊस होता, छत्र्यांची दाटी होती. मी बटणांच्या एका गाड्यापाशी वाकले. शिंपल्याची, लाकडाची, काचेची. चार बटणं हातावर घेऊन "ही बघा" म्हणून वळले, तर मागे तो नव्हता.

सुरुवातीला काही वाटलं नाही. मग चौकाचं एक टोक बघितलं, मग दुसरं. सगळीकडे गडद कोट घातलेली माणसं. मला आठवत होतं, जागेवर थांबायचं. पण मी कसली थांबतेय? पाय आपोआप चालत होते आणि डोळे खांदे शोधत होते. अर्धा इंच खाली, डावा. कुठेच नव्हता. आणि मग माझ्या लक्षात आलं. नसणारच. मीच तर तो सरळ करून दिला होता. माझ्या हातांनी मी माझ्या नवऱ्याला चारचौघांसारखा करून ठेवला होता, आणि आता चारचौघांत तो मला सापडत नव्हता.

तासभर तरी फिरले असेन. बोटं गारठली. भाषा येत नाही, पत्ता जवळ नाही. पण खरं सांगते, हरवायच्या भीतीहून दुसरंच जास्त लागत होतं. वाटत होतं, ह्याच्यावर रागावून पाच दिवसांतला दीड दिवस मी फुकट घालवला. तोंडाने विचारायला मला काय झालं होतं?

चौकाच्या मधोमध घड्याळाचा मनोरा होता, त्याच्या पायऱ्यांपुढून मी दोनदा गेले होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा लोक वळून वळून वर बघत होते. सगळ्यात वरच्या पायरीवर एक माणूस उभा होता. एवढ्या थंडीत, पावसात, नुसत्या शर्टावर. कोट आणि पिशवी पायाशी ठेवलेली. हात दोन्ही बाजूंना सरळ, माप द्यायला उभं राहतात तसे. डावा खांदा अर्धा इंच खाली.

मी पायऱ्या कशा चढले ते आठवत नाही.

"वेड लागलंय का तुम्हाला?" माझे दात वाजत होते, त्याचे माझ्याहून जास्त. "कोट का काढला?"

"कोटात तू मला... ओळखणार नाहीस, असं वाटलं."

मी त्याच्या छातीवर डोकं टेकलं, भर चौकात. ओला शर्ट, आतून धडधड. त्याने हळूच हात माझ्या पाठीवर ठेवला. दोन बायका बघून हसल्या. हसू देत.

संध्याकाळी तो पलंगावर बसला होता, ब्लँकेट पांघरून, पाय गरम पाण्याच्या बादलीत. सटासट शिंका चालू होत्या. मी खिडकीपाशी बसून कोटाची डाव्या खांद्याची शिवण उसवत होते.

"एवढा छान बसलाय. का उसवतेस?"

"पॅड काढतेय. मला नको तो." हातात काम असलं की माझी जीभ सुटते. खाली बघूनच मी म्हटलं, "मी इथे राहावं असं तुम्हाला वाटत नाही ना?"

बादलीतलं पाणी हललं.

"तू मला पहिल्यांदा कधी बघितलंस?" त्याने विचारलं.

"बघायच्या कार्यक्रमाला."

"मी त्याच्या आदल्या दिवशी आलो होतो. तुझ्या दुकानासमोरच्या दवाखान्यात लिफ्टचं काम होतं. तू एका शाळकरी मुलीचं माप घेत होतीस. तोंडात टाचण्या, कानावर खडू, आणि ती पोरगी चुळबुळत होती म्हणून तिच्यावर टाचण्यांसकट ओरडत होतीस. मी स्क्रू हातात धरून तसाच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी बघायला आलो तर समोर तूच. तेव्हा मी देवाकडे काही मागायचं राहिलंय का, ते आठवून बघत होतो." तो शिंकला. "अशा बाईला दुकानातून उठवून ह्या खोलीत आणून बसवायचं? मी एकदा विचारलं ना, की तो प्रश्न माझा राहत नाही. माझी आई, तुझी आई, सगळ्या मिळून त्याचा हुकूम करतील. तुला नाही म्हणताच येणार नाही. म्हणून नाही विचारलं."

"आणि तो एक कप्पा?"

"आख्खं कपाट रिकामं केलं होतं. मग वाटलं, तुला वाटेल मी गृहीत धरलंय. रात्रीत परत भरलं. जुन्या वायरींनी."

माझ्या डोळ्यांतून टपकन पाणी अस्तरावर पडलं. मी ते पुसलं, सुई खाली ठेवली आणि त्याच्यासमोर जाऊन बसले.

"विचारा. कुणाला सांगणार नाही, विचारलंत म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. "इथे... माझ्याजवळ राहशील?"

पाच महिने ह्या वाक्याची वाट बघितली होती. आणि ऐकल्यावर डोळ्यांपुढे तीनशे गणवेश आले, मावशींचे अधू डोळे आले, माझं कापायचं टेबल आलं. मी खरं तेच बोलले.

"नाही."

"बरं," तो म्हणाला. रागाने नाही, रुसून नाही. जणू मी वेळ सांगितली. मग ब्लँकेटचं एक टोक उचलून त्याने मला आत घेतलं. "उद्या परत विचारलं तर चालेल?"

त्या "बरं"वर मी जी भाळले, ती आजतागायत.

सहाव्या दिवशी त्याने ट्राममध्ये विचारलं, दांड्याला लोंबकळत. मी म्हटलं, नाही. सातव्या दिवशी अंडी सोलताना. नाही. आठव्या दिवशी कोर्टाच्या लिफ्टमध्ये, बरोबर चौथ्या मजल्यावर, ती कुरकुरली आणि तो म्हणाला, "हीसुद्धा म्हणतेय, राहा." मी म्हटलं, तिचं बेअरिंग बदला. नवव्या दिवशी माझे केस विंचरताना विचारलं, आणि नाही म्हणायला मला जरा वेळ लागला. त्याने तो वेळ मोजला असणार. आम्ही दिवसभर हसत होतो. अकरा दिवसांचा संसार आणि पाच महिन्यांचे फोन ह्यांत जे झालं नव्हतं, ते त्या चार दिवसांत झालं.

दहाव्या दिवशी दुपारी आम्ही विमानतळाच्या बसमध्ये बसलो. तो माझ्या डावीकडे, बॅगा पायांशी. एक थांबा गेला, दोन गेले, नदी मागे पडली. तो रस्त्यावरच्या इमारतींविषयी काहीबाही सांगत होता. मी वाट बघत होते. दहा थांबे गेले.

"आज विचारलं नाहीत," शेवटी मीच म्हटलं.

तो खिडकीकडे बघत राहिला. "आज नाही म्हणालीस, तर विचारायला उद्या कुठे आहे?"

त्याचा आवाज चिरकला होता. इतके दिवस "बरं" म्हणणारा माणूस, त्या प्रत्येक "बरं"ची त्याला काय किंमत पडली असेल ते मला आत्ता कळलं. काळजाचं पाणी झालं माझ्या.

"इकडे बघा," मी म्हटलं. "मला तुम्ही हवे आहात. आणि मला माझं दुकानही हवंय. दोन्ही. शाळा उघडल्या की गणवेश संपतात, मग सहा महिने किरकोळ काम असतं, ते मावशी आणि त्यांची सून निभावतील. ते सहा महिने मी इथे येईन. माझं लहान मशीन घेऊन. पुढच्या हंगामाला परत जाईन, तेव्हा तुम्ही हो-नाही करायचं नाही. जमेल?"

"मी तर विचारलंच नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय."

त्याचे ओठ थरथरत होते, आणि झाकायला काही नव्हतं. बस शेवटच्या वळणावर आली, लोक सामान उतरवायला उभे राहिले.

"कधी?" त्याने विचारलं.

"शाळा उघडल्यावर आठवड्याभरात. वीस तारखेला."

त्याने खिशातून पेन काढलं, तळहातावर वीस लिहिलं, आणि ते पुसलं जाऊ नये म्हणून माझ्या बॅगा सबंध वेळ एकाच हाताने उचलल्या.